वाडीची कुटुंबनोंद: कोणत्या वयाचे माणूस कोणाबरोबर राहते, हे कसे लिहावे?

सुरंगी (राजापूर तालुका)

सर्वांना नमस्कार. आमच्या वाडीच्या मंडळाने येत्या पावसाळ्यात प्रत्येक घराची नोंदवही तयार करण्याचे ठरवले असून ते काम माझ्याकडे आणि आणखी दोघींकडे आले आहे. जून 2020 मध्ये निसर्ग चक्रीवादळ झाले, तेव्हा दापोली-मंडणगडकडच्या नातेवाइकांशी रोज बोलणे होत असे. कौले उडालेल्या घरावर चढून ताडपत्री बांधू शकेल असे माणूस कोणत्या घरात आहे आणि कोणत्या घरात केवळ सत्तरीपुढची माणसे आहेत, हे त्यांच्याकडे कोठेही लिहिलेले नव्हते. तशी वेळ आमच्यावर आली तर आमच्याकडेही नाही.

काम सोपे वाटले होते. शिधापत्रिका मागायची, नावे आणि वये उतरवून घ्यायची, एवढेच. परंतु पहिल्याच काही घरांत असे दिसले की पत्रिकेवर आठ नावे आहेत आणि घरात दोन माणसे आहेत. शिवाय त्या दोघांना विचारले तर ती म्हणतात, “आम्ही आठ जण.” ते खोटे सांगत नाहीत. मुंबईतले सहा जण गणपतीला येतात, घराच्या डागडुजीला पैसे पाठवतात, आणि माळ्यावर त्यांच्या ट्रंका आहेत.

चार घरांची उदाहरणे देते, म्हणजे अडचण नीट कळेल. एका घरात अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजी आहेत. गणपती झाल्यावर त्या मुलांबरोबर मुंबईस जातात, काही महिने एकाकडे नालासोपाऱ्यास आणि काही महिने दुसऱ्याकडे डोंबिवलीस राहतात, आणि शिमग्याला परत येतात. दुसऱ्या घरात एकसष्ट वर्षांचे गृहस्थ निवृत्त होऊन पत्नीसह कायमचे गावी आले आहेत, मात्र त्यांचा अविवाहित मुलगा विरारच्या खोलीत एकटा राहतो. तिसऱ्या घरात दोन भाऊ आहेत, मधल्या पडवीत भिंत घातलेली आहे, चुली दोन आहेत, पण देवघर एक आणि गणपतीही एक. चौथ्या घरात कलमांची बाग सांभाळणारा एक्केचाळीस वर्षांचा अविवाहित मुलगा आईवडिलांबरोबर राहतो, आणि त्या घरात कोणाच्या आधाराने कोण राहते हे मला ठरवता येत नाही.

माझे प्रश्न असे आहेत. कुटुंब म्हणून कोणाला धरावे? वयोगट कसे पाडावेत? आणि “एकटे”, “जोडीदारासह”, “मुलांसह” असे रकाने ठेवले तर आमच्याकडची माणसे त्यांत बसतील का? ज्यांनी असे काम केले आहे किंवा ज्यांच्या घरी अशी परिस्थिती आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

कातळसडा (रत्नागिरी)

ताई, आपण हाती घेतलेले काम महत्त्वाचे आहे. नोकरीची बरीच वर्षे मी नमुना पाहणीच्या कामात घालवली आहेत, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

जनगणनेत कुटुंब ठरते ते चुलीवरून. जी माणसे सामान्यतः एकत्र राहतात आणि एकाच स्वयंपाकघरात जेवतात, ती एक कुटुंब. या हिशेबाने आपल्या तिसऱ्या घरातील दोन भाऊ म्हणजे एकाच छपराखालची दोन कुटुंबे होत. देवघर एक असल्याने त्यात फरक पडत नाही. मुंबईत वर्षभर जेवणारा मुलगा गावच्या कुटुंबात मोजला जात नाही. 2011 मध्ये प्रगणक 9 ते 28 फेब्रुवारी या काळात घरोघरी फिरले आणि गणनेचा क्षण 1 मार्च सुरू होतानाचा मध्यरात्रीचा शून्य तास हा होता. त्या वर्षी शिमगा मार्चच्या उत्तरार्धात होता, त्यामुळे चाकरमानी त्या दिवसांत गावात नव्हते आणि मुंबईतच मोजले गेले. पुढच्या जनगणनेसाठी 1 मार्च 2027 हा दिवस ठरलेला आहे आणि तोही शिमग्याच्या आधीचाच आहे.

या पद्धतीने जे चित्र उमटते ते आपल्या जिल्ह्यांच्या आकड्यांत स्पष्ट दिसते. 2011 मध्ये रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 16,15,069 होती, म्हणजे 2001 पेक्षा 4.82 टक्क्यांनी कमी. सिंधुदुर्गाची 8,49,651 होती, तीही 2.21 टक्क्यांनी घटलेली. दर हजार पुरुषांमागे रत्नागिरीत 1,122 स्त्रिया होत्या आणि सिंधुदुर्गात 1,036. त्याच जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्यात हे प्रमाण 832 आणि उपनगरात 860 होते. मुंबईत माणसे सगळीकडूनच येतात हे खरे, तरी हे आकडे शेजारी शेजारी ठेवल्याखेरीज आपल्याकडचे घर समजत नाही, कारण अनेक घरांचा अर्धा भाग रत्नागिरीच्या तक्त्यात आणि अर्धा मुंबईच्या तक्त्यात गेलेला असतो.

म्हणून आपल्या वहीत प्रत्येक घरासाठी दोन याद्या ठेवाव्यात असे मला वाटते. पहिली यादी चुलीवरच्या माणसांची, म्हणजे जी आज येथे जेवतात आणि झोपतात त्यांची. दुसरी यादी घराच्या माणसांची: बाहेर असलेली, परंतु पैसा, निर्णय आणि सण यांत ज्यांचा वाटा आहे अशी. वादळात किंवा रात्रीच्या दुखण्यात पहिली यादी लागेल. घर दुरुस्त करायचे, दवाखान्याचा खर्च ठरवायचा, तेव्हा दुसरी. दोन्ही एकात मिसळल्या की वही निरुपयोगी होते. पहिल्या यादीसाठी एक साधी रात्र ठरवावी. मे महिना आणि गणपती दोन्ही टाळावेत. जुलैच्या मध्यातील रात्र मला योग्य वाटते, कारण तेव्हा येथे जे असतात तेच खरे येथे राहणारे.

वयाबद्दल एक सावधगिरी. “वय किती” असे विचारले की वृद्ध माणसे साठ, पासष्ट, सत्तर अशी गोळाबेरीज सांगतात. त्यासाठी आठवणीतल्या घटना उपयोगी पडतात. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तो आपल्याकडेही जाणवला होता. त्या वेळी तुम्ही शाळेत होतात की लग्न झाले होते, असे विचारावे. 1 मे 1981 रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, तेव्हा थोरला मुलगा केवढा होता, हेही विचारता येते. वहीत वयोगट न लिहिता जन्मवर्ष लिहावे. गट नंतर हवे तसे पाडता येतात.

गट पाडताना मात्र साठीपुढचे सगळे एकत्र टाकू नयेत, हे मी आग्रहाने सांगतो. आपल्याकडे साठीच्या आसपास माणूस मुंबईहून गावी येतो. पाच-दहा वर्षे जोडीने बरी जातात. बाग लावली जाते, घराला रंग निघतो. मग दोघांपैकी एक जण जातो किंवा गुडघे साथ देत नाहीत, आणि पंचाहत्तरीच्या अलीकडे-पलीकडे तेच माणूस मुलाच्या फ्लॅटमध्ये परत जाते. एकाच गटात हे दोन्ही प्रवास घातले तर परस्परांना खोडून काढतात आणि तक्त्यात काहीच हालचाल दिसत नाही. शिवाय कायद्याच्या आणि योजनांच्या रेघाही वेगवेगळ्या वयांवर आहेत. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाच्या 2007 च्या कायद्यात ज्येष्ठ म्हणजे 60 वर्षांचा. श्रावणबाळ योजनेचे निवृत्तिवेतन 65 पासून. एसटीचे अर्धे तिकीट 65 पासून आणि 75 पूर्ण झाल्यावर मोफत प्रवास. तेव्हा 60, 65 आणि 75 या तिन्ही ठिकाणी रेघ ओढलेली बरी.

आपल्या चौथ्या घराबद्दल शेवटचे सांगतो. पस्तिशी-चाळिशीचा अविवाहित मुलगा आईवडिलांबरोबर राहतो, असे घर आज कोकणात विरळ राहिलेले नाही. बागायतदार घरातही मुलाचे लग्न जमत नाही, कारण मुलीला आणि तिच्या घरच्यांना मुंबई-पुण्याची नोकरी हवी असते, आणि त्यात त्यांना दोष देण्यासारखे काही नाही. अशा मुलाला “आईवडिलांवर अवलंबून” या रकान्यात टाकणे हा त्याच्यावर अन्याय आहे. औषधे तोच आणतो, रात्री तोच उठतो. आणि त्याचे स्वतःचे साठीनंतर काय, हा प्रश्न वहीत आजच दिसला पाहिजे.

माडाची सावली (गुहागर तालुका)

मी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे आणि यजमान गेल्यापासून घरात एकटी आहे. मुलगा-सून पुण्यास असतात. वर लिहिलेले सर्व वाचले. त्यांतील बरेच पटले, पण चुलीला एवढे महत्त्व द्यावे असे मला वाटत नाही.

माझ्या घरी रोज रात्री एक मुलगी झोपायला येते. ती बारावीत आहे. तिची वाडी डोंगरावर आहे आणि कॉलेज माझ्या घराजवळ आहे. ती जेवून येते, ओटीवरच्या दिव्याखाली अभ्यास करते, सकाळी चहा घेऊन जाते. भाडे नाही की पगार नाही. तिच्या आईचा आणि माझा शब्द आहे. चुलीच्या हिशेबाने मी एकटी ठरते, परंतु रात्री मला चक्कर आली तर हाक मारायला माणूस आहे. उलट माझ्या ओळखीचे एक घर असे आहे की सासू, मुलगा आणि सून एका चुलीवर जेवतात, पण दोघेही सकाळी सातला कामावर जाऊन रात्री आठला परततात, आणि ऐंशीच्या पुढची सासू दिवसभर बंद दारामागे असते. तुमच्या वहीत ती “मुलांसह” लिहिली जाईल आणि तिच्याकडे कोणी फिरकणार नाही. म्हणून सुरंगीताई, दिवसा घरात कोण असते आणि रात्री कोण असते, हे दोन वेगळे रकाने करावेत, अशी माझी विनंती आहे.

दुसरे असे की म्हाताऱ्या माणसाला कोणाचा आधार आहे हे सगळे विचारतात, पण त्याचा कोणाला आधार आहे हे कोणी विचारत नाही. माझ्याकडे आमच्या आळीतील बंद घरांच्या किल्ल्या आहेत. पावसाळ्यात मी ती घरे उघडून वारा लागू देते, वाळवी लागली का पाहते, एका घरी संध्याकाळी देवाला दिवा लावते, आणि विजेचे बिल आले की फोनवर कळवते. मी उद्या पुण्यास गेले तर त्या घरांचे काय होईल, हे त्यांच्या मालकांनी अजून मनावर घेतलेले नाही. बंद घरे वहीतून वगळू नका; किल्ली कोणाकडे आहे ते प्रत्येकापुढे लिहा.

आणि एक रकाना असा ठेवा की ज्यात माणसाला स्वतःला कोठे राहायचे आहे ते लिहिले जाईल. माझी मावसबहीण मुलाने प्रेमाने नेली. तिसरा मजला, उद्वाहन नाही, दिवसा बोलायला कोणी नाही. मुलगा चांगला आहे, सून चांगली आहे, तरीही ती वर्षभरात खंगली. तिला कोणी विचारलेच नव्हते. वही भरताना हा प्रश्न मुलांच्या समोर विचारू नये. एकटीला गाठून विचारावा.

बंदरपाखाडी (हर्णै)

काकूंचे म्हणणे मला शंभर टक्के मान्य आहे. कातळसडा काकांचे विवेचन उत्तम आहे, मात्र जुलैच्या मध्यातील रात्र निवडण्याची त्यांची सूचना बंदरावरच्या वस्त्यांना लागू पडणार नाही. 1 जून ते 31 जुलै हा मासेमारी बंदीचा काळ असतो. त्या दिवसांत नौका किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, जाळी दुरुस्त होत असतात आणि अठरापासून साठीपर्यंतचा प्रत्येक पुरुष घरी असतो. ऑगस्ट उजाडला की तीच घरे रात्री बायकांवर आणि म्हाताऱ्यांवर पडतात, आणि तशी ती पुढे मेअखेरपर्यंत असतात. जुलैत नोंद घेतली तर आमची वस्ती कोकणातील सर्वांत भरलेली वस्ती दिसेल. बंदरवस्तीसाठी जानेवारीतील एखादी रात्र धरावी.

आमच्याकडे लग्न झाल्यावर एक-दोन वर्षांत मुलाची चूल वेगळी होते, बहुधा त्याच घरात, कारण नवी जागा घ्यायला ना पैसा असतो ना किनाऱ्यालगत जागा. त्यात भांडण असतेच असे नाही. पण नौका एकच राहते. डिझेल, बर्फ आणि रेशनचा खर्च वजा जाता जे उरते त्याचे वाटे पडतात, नौकेचा एक वाटा निघतो, आणि त्या वाट्यावर वडिलांचा हात असतो. त्यामुळे पंचवीस ते चाळीस वयाचे भाऊ चुलीने वेगळे आणि कमाईने एकत्र असतात. वडील थकले, नौकेवरून उतरले, की मग खरी वाटणी होते. आणि आई कोणाच्या चुलीवर जेवणार हा प्रश्न त्या दिवशी पहिल्यांदा उभा राहतो. तोपर्यंत तो कोणाच्या मनातही आलेला नसतो.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. परराज्यांतून आणि नेपाळमधून आलेले खलाशी हंगामभर नौकेवरच झोपतात. तुमच्या राजापूर-देवगडकडे कलमांच्या बागांत नेपाळी राखणदार असतात, आणि काही ठिकाणी बायका-मुलांसह खोपटीत वर्षभर राहतात. ही प्रौढ माणसे आहेत आणि आपल्या गावात राहतात, पण कोणत्याच घराच्या यादीत येत नाहीत. वादळात पहिला धोका त्यांच्या पत्र्याला असतो. त्यांना कृपया स्वतंत्र पान द्या.

खाडीपलीकडे (खेड तालुका)

आमच्या मोहल्ल्यातील परिस्थिती थोडक्यात लिहिते. येथे बऱ्याच घरांतील पुरुष विशी-पंचविशीत आखातात जातात आणि पन्नाशीनंतर परततात. मधली वर्षे दीड-दोन वर्षांतून एकदा सुट्टीवर येतात. घरात सासू, सून आणि मुले असतात. शासकीय कागदावर कुटुंबप्रमुख म्हणून कुवेत किंवा दुबईतील पुरुषाचे नाव असते, परंतु शाळेचा दाखला, दवाखाना, घराचे बांधकाम आणि बँक यांचे सर्व निर्णय तीस ते पन्नास वर्षांची ती स्त्रीच घेते. तुमच्या रकान्यांत तिला “जोडीदारासह” लिहिले तर चूक, आणि “एकटी” लिहिले तरी चूक. “विवाहित, जोडीदार परगावी” असा वेगळा रकाना असलाच पाहिजे. तो आखातासाठी जितका लागेल तितकाच मुंबईच्या चाकरमान्यांसाठीही लागेल.

पुरुष पन्नाशीत परतला की घरात नवी बसवणूक करावी लागते. इतकी वर्षे जिने घर चालवले तिच्या हातून कारभार आपोआप काढून घेतला जातो, हे मी अनेक घरांत पाहिले आहे आणि ते मला योग्य वाटत नाही. वहीत “निर्णय कोण घेते” हा प्रश्न असेल तर निदान तिचे नाव एकदा लिहिले जाईल.

पेंडूरकडचा (सध्या न्यू जर्सी)

मी मूळचा मालवण तालुक्यातला. येथील जनगणना विभाग दरवर्षी प्रौढांच्या राहण्याचे तक्ते वयानुसार प्रसिद्ध करतो, म्हणून तुलनेपुरते लिहितो. त्यांत 18 ते 24, 25 ते 34, 35 ते 64, 65 ते 74 आणि 75 पुढे असे गट असतात. आणि जोडीदारासह, लग्नाविना जोडीदारासह, आईवडिलांच्या घरी, इतर नातेवाइकांकडे, परक्यांबरोबर आणि एकटे असे रकाने असतात. 18 ते 24 या गटातील निम्म्याहून अधिक जण आईवडिलांच्या घरी दिसतात. पण त्यात एक मेख आहे: महाविद्यालयाच्या वसतिगृहात राहणारे विद्यार्थीही त्या पाहणीत आईवडिलांच्या घरीच मोजले जातात. म्हणजे घरापासून दूर असलेल्याला कोठे मोजायचे हा प्रश्न येथेही आहे आणि तो एका नियमाने सोडवून टाकलेला आहे. आपण कोणताही नियम केला तरी चालेल, पण तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

वयाच्या दुसऱ्या टोकाला फरक मोठा आहे. येथे 75 पुढील स्त्रियांपैकी साधारण पाचांत दोन एकट्या राहतात. भारतात 2017-18 मध्ये मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने 45 वर्षांपुढील 72 हजारांहून अधिक लोकांची जी पाहणी केली, तिच्यात 60 पुढील सुमारे 6 टक्के लोकच एकटे होते. सुमारे 41 टक्के जोडीदार आणि मुले यांच्यासह, 28 टक्के जोडीदाराविना मुलांसह, आणि 20 टक्के मुलांविना जोडीदारासह राहत होते. देशाच्या सरासरीवरून राजापूरच्या वाडीचा अंदाज बांधू नये; ती आपल्या डोळ्यांनीच मोजावी.

जुना तलाठी (कुडाळ)

एकच सूचना करतो. या वहीत जमीन आणू नका. सातबाऱ्यावर पणजोबांच्या वारसांची वीस-पंचवीस नावे असतात, 9 सप्टेंबर 2005 पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचाही मुलांइतकाच हक्क आहे, आणि घरात राहणारा, घरपट्टी भरणारा व उताऱ्यावर नाव असलेला हे तिघे वेगळे असू शकतात. आपण “घर कोणाचे” असे विचारले की वहीकडे वाटणीचा पुरावा म्हणून पाहिले जाईल आणि पुढची सगळी उत्तरे सांभाळून दिली जातील. “येथे कोण राहते” एवढेच विचारा, आणि ही नोंद मालकीचा पुरावा नाही हे वहीवर ठळक लिहा.

मात्र एखाद्या वृद्धाने घर मुलाच्या किंवा पुतण्याच्या नावे बक्षीसपत्राने करून देण्याचा विचार बोलून दाखवला, तर त्यांना एवढे अवश्य सांगा की सांभाळ करण्याची अट त्या लेखातच स्पष्ट लिहून घ्यावी. 2007 च्या कायद्याच्या कलम 23 खाली, सांभाळाच्या अटीवर दिलेली मिळकत घेणाऱ्याने सांभाळ केला नाही तर ते हस्तांतरण रद्द करून घेता येते, आणि त्यासाठी अर्ज न्यायाधिकरणाकडे करायचा असतो; आपल्याकडे ते काम प्रांताधिकारी पाहतात. अट लिहिलेली नसेल तर ती सिद्ध करताना वृद्ध माणसाची फार दमछाक होते. हे मी पाहिले आहे.

सुरंगी (राजापूर तालुका)

सर्वांचे मनापासून आभार. आम्ही तिघींनी बसून नमुना नव्याने आखला आहे. दोन याद्या वेगळ्या ठेवत आहोत. जन्मवर्ष लिहिणार आहोत. दिवसा कोण आणि रात्री कोण हे स्वतंत्र रकाने आहेत. “विवाहित, जोडीदार परगावी” हा रकाना घातला आहे. बंद घरे आणि त्यांच्या किल्ल्या यांना एक पान, आणि बागांतील राखणदारांना एक पान. आमच्या वाडीत नौका नाहीत, त्यामुळे जुलैची रात्र आम्हाला चालेल. काकूंनी सुचवलेला “स्वतःला कोठे राहायचे आहे” हा प्रश्न मी स्वतः विचारणार आहे.

चौथ्या घरी काल पुन्हा गेले. त्या दादांना विचारले की घरात कोणाचा आधार कोणाला आहे, तेव्हा ते काही बोलण्याआधी त्यांची आईच म्हणाली, “तिघांचा तिघांना.” मी तसेच लिहिले आहे.

दोन शंका उरल्या आहेत. आजी नालासोपारा, डोंबिवली आणि गाव अशा फिरत असतात, त्यांना नेमके कोठे लिहावे? आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी एका वहीत जमा झाल्यावर ती ठेवायची कोठे? हा प्रश्न माझ्या मैत्रिणीने काढला आणि तेव्हापासून मला त्याची काळजी वाटते आहे.

कातळसडा (रत्नागिरी)

बंदरवस्तीबद्दल हर्णैच्या मित्रांनी केलेली दुरुस्ती अगदी बरोबर आहे.

आजींची नोंद पहिल्या यादीत त्या ठरलेल्या रात्री जेथे असतील तेथे करावी. त्यांच्या नावापुढे बारा महिन्यांचे बारा चौकोन काढून कोणत्या महिन्यात त्या कोठे असतात ते भरावे. त्याच चौकोनांवरून कोणत्या महिन्यांत किती घरे रिकामी असतात हेही कळेल. दर वर्षी शिमग्यानंतर एकदा ते तपासावे, कारण मुलांच्या सोयीनुसार हे महिने बदलतात.

वहीबद्दल आपल्या मैत्रिणीची काळजी रास्त आहे. एकट्या वृद्धांची यादी मोबाइलच्या गटावर कदापि टाकू नये आणि तिचे छायाचित्रही काढू देऊ नये. वहीत घरांना क्रमांक द्यावेत आणि कोणत्या क्रमांकाचे घर कोणाचे, हा कागद वेगळा ठेवावा. वही मंडळाच्या कपाटात असावी. तो कागद आपण आणि आशासेविका अशा दोघींकडेच असावा. प्रत्येक वृद्धाकडून, माझे नाव या यादीत असावे की नाही, याची संमती त्यांच्या सहीने किंवा अंगठ्याने घ्यावी, आणि जे नको म्हणतील त्यांचे नाव न लिहिता त्यांच्या लगतच्या घराला रात्री लक्ष ठेवण्यास तोंडी सांगावे.